गांवचें तळें : आपला समय ओळखणें
वाचण्याचा भाग : उत्पत्ति २:१५, यिर्मया ८:७

यिर्मया संदेष्ट्यानें आपल्या लोकांचा दोष दाखवितांना पक्ष्यांचा दाखला घेतला. ज्यांस शाळा नाहीं व पंचांग नाहीं, ते आपला समय जाणतात. मनुष्य मात्र जाणत नाहीं, हें त्याच्या बोलण्याचें तात्पर्य. हा धडा शिकण्यास दूर जावयास नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांच्या शेजारीं जुनें तळें आहे. आज आम्ही तेंच वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम तळ्याचें वर्ष पाहूं. पावसाळ्याच्या तोंडीं चातक येतो. कित्येक चातक आफ्रिका खंडाहून समुद्र ओलांडून येतात. पहिला मोठा पाऊस पडतांच मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, व त्यांच्या ओरडण्यानें रात्र दुमदुमते. मासे वाहत्या पाण्याला उलटे चढून धानाच्या बांध्यांत जातात व तेथें अंडीं घालतात. पुढें पाणपानांवर कमळपक्षी घरटें करितो. त्याची मादी अंडीं घालून निघून जाते. तीं उबविणें व पिलें संभाळणें हें काम नर करितो. कार्तिकाच्या सुमारास उत्तरेकडील बदकें उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस तर हिमालय ओलांडून येतो. उन्हाळा आला कीं हे पाहुणे परततात, आणि आटत्या पाण्यांत बगळे मासे टिपीत राहतात.

पण हें तळें आपोआप झालेलें नाहीं. कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून मातीची पाळ घालून अशीं तळीं बांधिलीं. त्यांस मालगुजारी तलाव म्हणतात. १९५१ सालीं मालगुजारी कायद्यानें संपली व तळीं सरकारकडे गेलीं. मालगुजारांच्या जुलमाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु पाळ नीट ठेवण्याची व गाळ काढण्याची जुनी वहिवाटही पुष्कळ ठिकाणीं मोडली. जें सर्वांचें झालें, तें कोणाचेंच राहिलें नाहीं. गाळ सांचला. अमेरिका खंडांतून आलेली बेशरम कांठावर माजली, व जेथें माशांस व पक्ष्यांस उपयोगी वनस्पति वाढत, ती जागा तिनें व्यापिली. कोठें पाणी येण्याच्या वाटेवर घरें उठलीं, कोठें मोऱ्यांचें पाणी तळ्यांत वळलें.

तरी आशा सोडण्याचें कारण नाहीं. भंडारा-गोंदिया भागांत ढीवर बंधुभगिनींनीं अलीकडच्या वर्षांत कांहीं तळ्यांतील बेशरम उपटिली, उन्हाळ्यांत तळ नांगरिला व देशी पाणवनस्पति लाविल्या. तेथें मासे वाढले व पक्षीही परतले. ज्यांस गांव अडाणी म्हणत असे, त्यांच्याच ज्ञानानें हें झालें. त्यांच्यापाशीं जाऊन शिकण्यास आम्हांस लाज वाटूं नये.

देवानें आदामास बागेचें फळच दिलें नाहीं, तर तिची राखणही सोंपविली. म्हणून दुसऱ्यांचे दोष मोजण्याआधीं प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें आपल्या घरची मोरी कोठें जाते हें पाहावें. जो शेजाऱ्याच्या पिण्याच्या व ओलिताच्या पाण्यांत घाण सोडितो, त्याची शेजारप्रीति केवळ तोंडची होय.

उपदेशक बंधूंनीं एक वही करावी. दर रविवारीं उपासनेनंतर मुलांस पाळीवर न्यावें, व पाणी कोठवर आहे, कोणते पक्षी आले, कोणते गेले, कांठावर नवें काय झालें, हें तिथीसह लिहावें. एका वर्षाची वही थोडें सांगेल. पांच वर्षांची वही ग्रामसभेपुढें ठेवितां येईल.

मंडळीस विचारण्याचे प्रश्न :
१. आपल्या तळ्यावर यंदा पहिला बेडूक कधीं ओरडला? कोणास आठवतें काय?
२. पूर्वी येणारा कोणता पक्षी आतां येत नाहीं? म्हाताऱ्यांस विचारा.
३. तळ्यांत पाणी कोणत्या वाटेनें येतें, व ती वाट मोकळी आहे काय?
४. येत्या उन्हाळ्यांत आपली मंडळी गांवकऱ्यांबरोबर कोणतें एक काम हातीं घेईल?