शाळा पुन्हा भरताना पालकांची भीती कशी समजून घ्यावी



साथीमुळे बंद पडलेली शाळा केव्हा उघडावी, हे परिपत्रक ठरविते. उघडलेल्या शाळेत मूल कसे यावे, हा प्रश्न मात्र गावातच सोडवावा लागतो. कोविडच्या साथीत तो आपणां सर्वांपुढे उभा राहिला. त्या वेळी जे हाती लागले ते नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे, कारण पूर असो वा दुसरी एखादी साथ, शाळा पुन्हा बंद पडण्याचे प्रसंग येणारच.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यातील शाळा बंद झाल्या. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, ते दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटले. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवीपासूनचे, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथीचे वर्ग भरू लागले. म्हणजे जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा त्याचे दुसरीचेही अर्धे वर्ष सरत आले होते. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ तारखेपासून उघडू लागल्या. अशा उघडझापीनंतर पालकाने "पुन्हा बंदच होणार असेल तर पाठवायचे कशाला?" असे विचारले, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही.

मुलास शाळेत घेण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावयाची होती. कागदावर होय किंवा नाही एवढेच उत्तर येते. ज्यांचे संमतिपत्र आले नाही, त्यांच्यापुढे "पालक रोगास भितात" असा शेरा मारून मीही एका शाळेचा तपासणी अहवाल पुरा केला होता. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "साहेब, एकदा माझ्याबरोबर घरी चला." आम्ही सायंकाळी चार घरे फिरलो आणि माझा शेरा मला खोडावा लागला.

पहिल्या घरात दमेकरी आजी होती. घर एका खोलीचे; नातू तिच्याच कुशीत निजे. ही भीती खरी होती. येथे "काही होत नाही हो" असे म्हणणारा शिक्षक पहिल्याच खोकल्याला आपला शब्द गमावून बसतो. जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ च्या पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात या रोगाची प्रतिद्रव्ये आढळली होती. म्हणजे शाळा बंद असतानाही रोग मुलांपर्यंत पोचलेला होता. लहान मुलांस तो बहुधा सौम्य जातो, म्हणून प्राथमिक शाळा आधी उघडण्याचा विचार व्हावा, असे परिषदेच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितले होते. (आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागला, हे जाता जाता नमूद करतो.) बारा वर्षांखालील मुलांस तेव्हा लस नव्हती, परंतु आजीस होती आणि तिने ती घेतलेली नव्हती. बाईंनी वर्गाविषयी फार न बोलता आजीस लसीकरणास कोणत्या दिवशी, कोणाबरोबर न्यावयाचे ते ठरविले. नातवाचे अंथरूण दाराशी घालावे, असे सुचविले. वर्ग खिडक्या उघड्या ठेवून किंवा झाडाखाली भरेल, आणि ताप आलेल्या मुलास घरी कोण पोचविणार, हेही सांगितले.

दुसऱ्या घरातील बापास रोगाचे भय नव्हते. मूल शाळेत शिंकले तर तपासणी होईल, सगळे घर विलगीकरणात जाईल आणि रोजगार बुडेल, हे त्याचे भय. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी घरझडतीच्या धास्तीने लोकांनी रोगी लपविले, त्याच जातीची ही भीती. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांस त्या रोगाने गाठले व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या पेशाचे नाते या दोन्ही गोष्टींशी आहे. पुढे काय काय होईल, हे आधीच आणि खरे सांगितले, तर लपवालपवी पुष्कळ कमी होते.

तिसऱ्या घराला कुलूप होते. घरची माणसे कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली. डिसेंबरात पहिलीचे वर्ग उघडावे आणि ऊसतोडीच्या गावाने दिवाळीनंतरच बिऱ्हाड हलवावे, यात रोगाचा संबंध कोठला? अशा गावी दसऱ्यापूर्वीच जाऊन मूल आजी-आजोबांकडे राहील की हंगामी वसतिगृहात, याची बोलणी करावी. बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड त्याच्या हाती द्यावे.

चौथ्या घरात आई दारातच म्हणाली, "बाई, रोग अजून गेला न्हाई, पोराला धाडायला जीव धजत न्हाई." तिसरीतला मुलगा तिच्यामागे उभा होता. मी, सवयीने, त्यास पुस्तकातील एक ओळ वाचावयास सांगितली. त्याने मान खाली घातली व तो आत निघून गेला. शेजारच्या दोघी पाहात होत्या. मग आई हळूच म्हणाली, "सगळं इसरलाय. पोरं हसतील." दारात मुलाची परीक्षा कधीही घेऊ नये, ही चूक माझी होती. बाईंनी आईस सांगितले, "ताई, अहो, सगळा वर्गच विसरलाय." ते खोटे सांत्वन नव्हते. 'असर'च्या ग्रामीण पाहणीनुसार तिसरीतील ज्या मुलांस दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, ते २०२२ मध्ये २०.५ वर आले. आणखी एक गोष्ट आईने उशिरा सांगितली : गणवेशाचा सदरा त्याला येत नव्हता. बाईंनी गणवेशाची अट तेथल्या तेथे सोडून दिली.

मुलगा सोमवारी आला. बाईंनी त्यास आठवडाभर वाचावयास उभे केले नाही. हजेरी घेण्याचे काम दिले. वर्गातील चौदा नावे त्यास तोंडपाठ होती. गुरुवारी तो हजेरीपटावर बोट ठेवून नावे पुकारू लागला आणि त्यांपैकी तीन नावे त्याने खरोखर वाचली, असे बाईंनी मला नंतर सांगितले.