बटन दाबायला शिकण्याचा खर्च

मूर्तिजापूरकडच्या एका कास्तकार मित्राने मागच्या जूनमध्ये फोनवर विचारले, "पोट्टीले कम्प्युटरले टाकाव म्हन्तो, भाऊ. एकंदर किती लागन?" मी पेन्सिल घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात लक्षात आले की या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कॉलेजात नाव घालायला किती लागेल हा एक, आणि प्रोग्रॅमिंग खरोखर यायला किती लागेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पावतीवर छापून मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणी देत नाही, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

पोरगी नेमके काय शिकणार, ते आधी पाहू. पहिल्या वर्षी बहुधा 'सी' भाषा असते. तो प्रोग्रॅम पुरणपोळीच्या कृतीसारखा चालतो: डाळ शिजवा, वाटा, गूळ घाला, पुढची पायरी. पुढे खिडक्या, बटने आणि रकाने असलेले प्रोग्रॅम येतात, तेव्हा सगळा नूरच बदलतो. आता प्रोग्रॅम किराणा दुकानदारासारखा गल्ल्यावर बसून राहतो. गिऱ्हाईक आले की उठतो, मागितलेली वस्तू देतो, पुन्हा बसतो. गिऱ्हाईक कधी येईल आणि काय मागेल, हे त्याला ठाऊक नसते. बटन दाबणे, रकान्यात अक्षर टाइप होणे, खिडकी उघडणे, घड्याळाचा ठोका पडणे, या प्रत्येकाला 'इव्हेंट' म्हणतात आणि त्यावर काय करायचे ते सांगणाऱ्या तुकड्याला 'हँडलर'. तुमच्या मोबाइलवरचे जवळजवळ प्रत्येक ॲप असेच चालते. १९९१ साली मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक आले आणि ही पद्धत नवशिक्यांच्या आवाक्यात आली. फॉर्मवर बटन ओढा, त्यावर दोनदा क्लिक करा, हँडलरची रिकामी चौकट समोर हजर.

तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत, म्हणजे पॉलिटेक्निकला, 'आय-स्कीम' या आधीच्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्राला व्हीबी डॉट नेट, म्हणजे व्हिज्युअल बेसिकचाच पुढचा अवतार, होते. पाचव्याला ॲडव्हान्स्ड जावामध्ये एडब्ल्यूटी आणि स्विंग ही खिडक्या-बटनांची साधने, इव्हेंट हँडलिंग, आणि जोडीला जावास्क्रिप्ट. २०२३-२४ पासून के-स्कीम आली आणि विषय इकडचे तिकडे झाले. म्हणून सीनियरची जुनी पुस्तके घेण्याआधी स्कीम कोणती ते विचारा. तीनशेचे पुस्तक शंभरात मिळाले आणि विषयच अभ्यासक्रमात नाही, असे दरवर्षी घडते. मंडळाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आणि जुन्या परीक्षांच्या नमुना उत्तरपत्रिका फुकट असतात. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन मात्र स्वायत्त आहे. त्याचा अभ्यासक्रम त्याचा स्वतःचा, तेव्हा तिथल्या मुलांनी मंडळाचे कागद जपूनच वापरावेत.

फीचा कागद

मार्ग तीन. दहावीनंतर पदविका, बारावीनंतर अमरावती विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बीसीए किंवा बीएस्सी, नाहीतर अभियांत्रिकी. स्वस्त म्हणाल तर शासकीय तंत्रनिकेतन, यात वाद नाही. बीसीएचे वर्ग बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन कॉलेजांच्या फीत मोठी तफावत पडते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती कॉलेजवार पाहता येते. ऑफिसातल्या बाईंनी तोंडी सांगितलेला आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा जुळवून पाहा. कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पावती नाही, तर पैसे नाहीत.

माझ्या मित्राला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. 'राउंडची वाट कशाला पाहता, आजच सीट पक्की करून टाका,' असा आग्रह कोणी धरला तर आधी हे आठवा.

यातच एक मेख आहे. २०२४ पासून बीसीएला सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, लागू झाली. सीईटी चुकलेल्या मुलांसाठी अनेक कॉलेजांनी त्याच धाटणीचे अभ्यासक्रम बीएस्सी किंवा बीकॉमच्या नावाखाली सुरू ठेवले. शिकवायला तेच मास्तर आणि लॅबही तीच असेल, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाची माफी तिथे आपोआप लागू होईल असे धरून चालू नका. पदवीचे नेमके नाव लिहून घ्या आणि ते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या यादीत शोधा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्यांसाठी आपल्याच पापळच्या भाऊसाहेबांच्या नावाची पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार. अर्ज महाविद्यालय सुरू झाल्याबरोबर भरा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जूनमध्ये केवढी रांग असते, ते सांगायला नको. म्हणून दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा.

जाण्यायेण्याचेही पाहू. एसटीच्या विद्यार्थी पासात दोनतृतीयांश सवलत आहे. मूर्तिजापूर अकोला आणि बडनेरा यांच्या मधोमध, त्यामुळे इथल्यांना रेल्वे दोन्हीकडे सोयीची. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते, हे माझ्या मित्राला ठाऊक नव्हते आणि त्याच्या गावात आणखी कोणालाही. कॉलेजचा दाखला घेऊन तिकीट खिडकीवर विचारा. बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंतचे ऑटोचे भाडे मात्र हिशेबात धरा. वर्षाअखेरीस ते पुस्तकांपेक्षा जास्त निघते.

यंत्र आणि सोयाबीन

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. हे मोठ्या अक्षरात लिहावे असे वाटते, कारण अजूनही पेनड्राइव्हमध्ये 'क्रॅक' विकणारे भेटतात. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती २०१४ पासून विद्यार्थ्यांना मोफत आहे. जावा, नेटबीन्स, एक्लिप्स, पायथन, व्हीएस कोड, सगळे फुकट. जावास्क्रिप्टला तर ब्राउझर आणि नोटपॅड पुरते.

पैसा लागतो तो यंत्राला. व्हिज्युअल स्टुडिओला किमान ४ जीबी रॅम लागते, पण ४ जीबीवर ते बैलगाडीच्या चालीने चालते. ८ जीबी आणि एसएसडी ही माझ्या मते खालची मर्यादा. डिस्कवर २० ते ५० जीबी जागा मोकळी हवी. नवा कामचलाऊ लॅपटॉप ४० ते ५० हजारांच्या घरात जातो. कंपन्यांनी वापरून विकलेले लॅपटॉप अकोला-अमरावतीच्या दुकानांत साधारण १८ ते २५ हजारांत मिळतात, आणि पहिल्या दोन वर्षांना ते चांगले पुरतात. घेताना एक प्रश्न विचाराच: "इंटेलची कितवी जनरेशन?" आठवीच्या आतली असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार 'सगळं चालते' म्हणेल. चालते, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. बॅटरी किती टिकते तेही दुकानात अर्धा तास बसून पाहा. गावात संध्याकाळी वीज गेली तर स्वस्त डेस्कटॉप नुसता डब्बा होऊन बसतो, म्हणून खेड्यातल्या मुलांसाठी मी लॅपटॉपच्याच बाजूचा आहे.

मित्राने विचारले, "हे कितीचं पडलं?" २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने २० हजारांचा जुना लॅपटॉप म्हणजे पावणेचार क्विंटल सोयाबीन, आणि नवा म्हणजे आठ-नऊ. अर्थात बाजार समितीत माल हमीभावानेच जाईल याची हमी कोणी देत नाही. तो म्हणाला, "मंग जुनाच बरा." मीही तेच म्हणालो.

पहिल्या सत्रातच लॅपटॉप घ्यायची घाई नको. कॉलेजची लॅब उघडी असेल, तर सी भाषेचे सत्र तिच्यावर निभते. बटनांचे विषय सुरू झाले की घरी यंत्र हवे. मोबाइलवरच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचे छोटे प्रयोग जमतात. पण बोटभर कीबोर्डवर दोनशे ओळी लिहायची शिक्षा कोणाला देऊ नये.

क्लास लावावा का?

माझ्या भाच्याने अमरावतीत एक क्लास लावला होता. नाव सांगत नाही. १२ हजार रुपये, तीन महिने, रोज एक तास, एकूण साठ तास. एका संगणकावर दोन मुले, म्हणजे कीबोर्ड हातात आला तो तीसच तास. तासाला ४०० रुपये पडले. शेवटी मिळाले एक सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र, जे आजवर कोणीच मागितले नाही. तेव्हापासून कोणत्याही क्लासचे मोल मी याच गणिताने काढतो: फी भागिले स्वतःच्या हातात कीबोर्ड असलेले तास. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्यांकडून आधी लेखी घ्या आणि मगच चहा घ्या.

फुकटात काय मिळते? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स मोफत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच १,००० रुपये. माझ्या हिशेबी प्रमाणपत्रावर करण्यासारखा खर्च तेवढाच. एमएस-सीआयटी केली म्हणजे प्रोग्रॅमिंग आले, हा गैरसमज मात्र काढून टाका. ती संगणक वापरायची ओळख आहे.

क्लासला जायची पाळी का येते, तेही सांगतो. इव्हेंटच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली की बहुतेकदा काहीच होत नाही. लाल अक्षरे येत नाहीत आणि संगणक कुरकुरतही नाही. बटन दिसते, दाबले जाते, आणि पुढे शांतता. व्हीबी डॉट नेटमध्ये हँडलर लिहिला पण त्याच्या ओळीअखेरची 'हँडल्स बटन-वन डॉट क्लिक' ही जोडणी मित्राच्या वहीतून उतरवताना राहिली. जावामध्ये बटनाला 'ॲड ॲक्शन लिसनर' करायचे विसरले. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन नेमून देताना नावापुढे कंस टाकले, तर ते बटन दाबायची वाट न पाहता पान उघडतानाच धावून मोकळे. डोअरबेल भिंतीवर बसवली, पण तार जोडलीच नाही, असा हा प्रकार. घरी एकटे बसलेले पोरगे यात दोन संध्याकाळी घालवते आणि 'मला जमत नाही' म्हणून क्लास शोधते. या तीन चुका माहीत असतील, तर काही हजार वाचले म्हणून समजा.

सरावाला विषय घरचाच घ्यावा. मित्राच्या मुलीला मी कापसाच्या पावतीचा प्रोग्रॅम दिला होता: वजनाचा रकाना, भावाचा रकाना, 'हिशेब' बटन. पहिल्या दिवशी गुणाकार झाला. दुसऱ्या दिवशी बापाने वजनाचा रकाना रिकामा ठेवून बटन दाबले आणि प्रोग्रॅम कोसळला. तिसऱ्या दिवशी त्याने भावाच्या जागी 'पडला' असे टाइप केले. गिऱ्हाईक काहीही मागू शकते, हे तिला त्या दोन दिवसांत कळले. त्याचा खर्च फक्त विजेचा.

तेव्हा प्रवेशाच्या आधी पोराला किंवा पोरीला घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये एक चक्कर मारा. चालू संगणक किती आणि एका बॅचला मुले किती, ते मोजा. लॅब तासांनंतर उघडी राहते का, हे तिथल्या लॅब असिस्टंटला विचारा, प्राचार्यांना नको. दर दोन मुलांमागे एक संगणक आणि पाच वाजता कुलूप असेल, तर लॅपटॉपचे पैसे पहिल्या वर्षीच्या फीतच धरा.