तत्त्वज्ञान वहीतले आणि वर्गातले

काही वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्राच्या तासाला मी जॉन ड्यूई शिकवीत होतो. मूल नुसत्या श्रवणाने नव्हे, तर कृतीतून शिकते, हा त्याचा सिद्धान्त मी सावकाश उच्चारून विद्यार्थ्यांना वहीत उतरवून देत होतो. चौथा मुद्दा चालू असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे आम्ही कृतीतून केव्हा शिकायचे?” वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

शैक्षणिक तत्त्वज्ञान हा प्रश्नपत्रिकेपुरता विषय आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रत्येक शिक्षक कोणते ना कोणते तत्त्वज्ञान घेऊनच वर्गात शिरतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो. ते त्याच्या भाषणात सापडत नाही. बाकांच्या मांडणीत सापडते. ड्यूईने 1896 साली शिकागो येथे आपली प्रयोगशाळा-शाळा काढली. मुलांना काम करता येईल अशी मेजे शोधताना त्याला बाजारात ती मिळेनात. अखेर एका दुकानदाराने त्याला सांगितले की, तुम्हाला हवी आहेत ती कामासाठी आणि आमच्याकडची आहेत ती ऐकण्यासाठी. हा प्रसंग ड्यूईनेच नमूद केला आहे. एका रांगेत ठोकून बसविलेली बाके म्हणजे विद्यार्थी हा श्रोता आहे, हे लाकडात कोरलेले मतच होय!

1907 साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. मूल स्वतःच स्वतःला घडविते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून तेथील खुर्च्या मुलाला उचलता येतील इतक्या हलक्या आणि साधने अशी की, चूक झाली तर ती साधनच दाखवून देईल. शिक्षिकेचे काम निरीक्षणाचे. श्रद्धा बदलली, तशी शिक्षिकेची जागाही बदलली.

परंतु तत्त्व जसेच्या तसे उचलून आणले, तर ते रुजत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलींना घरी राहावे लागे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. मूल गैरहजर असेल तर दोष मुलाचा नसून शाळेचा, हे येथील तत्त्वज्ञान. एरवी हजेरीपटावर जेथे फुली पडली असती, तेथे शाळेनेच आपली जागा आणि वेळ बदलली.

आता माझ्या वर्गाकडे वळतो. मुद्दे उतरवून देणे हेही एक तत्त्वज्ञानच होते: ज्ञान माझ्याकडे आहे आणि वही हे ते साठविण्याचे भांडे. पुढील वर्षी मी मुद्दे सांगणे थांबवले आणि विद्यार्थ्यांना जवळच्या अंगणवाडीत तासभर बसून फक्त पाहायला सांगितले. पहिला प्रयत्न फसला. “परीक्षेत काय लिहायचे?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मग मी दोन्हींची सांगड घातली: आधी पाहणे, मग चर्चा, शेवटी मुद्दे, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. अभ्यासक्रम कसाबसा पुरा झाला. काहींचे गुण वाढले, काहींचे नाही. मात्र एका मुलाने लिहिले की, ताई गाणे म्हणत असताना एक मूल दाराबाहेर मुंग्या मोजत होते आणि तिने त्याला बोलावले नाही. हे माझ्या कोणत्याही मुद्द्यात नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक व्हाल. तेव्हा तुमचे तत्त्वज्ञान कोणते, हे पाठ केलेल्या व्याख्येवरून ठरवू नका. तास संपल्यावर वर्गात सर्वांत जास्त कोण बोलले, एवढेच आठवून पाहा.