जुन्या रज्जुमार्गांची तपासणी

रायगडाची पायऱ्यांची चढण दमछाक करणारी आहे. १९९६ पासून पायथ्याच्या हिरकणीवाडीहून रज्जुमार्गाची सोय झाली आणि तीच चढण काही मिनिटांची ठरली. बिहारमधील राजगीर येथे विश्वशांती स्तूपाकडे जाण्यासाठी एकेका माणसाच्या खुर्च्यांचा रज्जुमार्ग उभारण्यात आला. बर्फाळ डोंगरांवरील खेळांसाठीही अशा खुर्च्या वापरतात. या सर्व यंत्रांत माणसाचा जीव पोलादी तारदोराच्या हवाली असतो. मग असे यंत्र जुने झाले की ते धोक्याचेही झाले, असे समजावे काय?

लोखंडी तारेचा एक तुकडा घेऊन तो एकाच जागी पुनःपुन्हा वाकवून पाहा. हातांनी ओढून न तुटणारी ती तार थोड्याच वेळात तुटते. वारंवार पडणाऱ्या ताणामुळे धातूस येणाऱ्या या दुर्बलतेस ‘शिणवटा’ म्हणतात. तारदोर हा अनेक बारीक तारांचा बनलेला असतो. तारा पिळून पदर तयार करतात व असे पदर गाभ्याभोवती पिळून दोर वळतात. कप्पीवरून जाताना दोर वाकतो आणि पुढे सरळ होतो. हे लक्षावधी वेळा घडते. एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा भार पेलतात, हा या रचनेचा मोठा गुण होय. परंतु आतील तार तुटल्यास ती डोळ्यांस दिसत नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणून तपासनीस दोराचा व्यास मोजतो. तो कमी भरल्यास गाभा खचल्याचा किंवा तारा झिजल्याचा संशय येतो. त्यानंतर दोर चुंबकीय उपकरणातून जाऊ देतात. तार तुटलेल्या जागी चुंबकीय बलरेषा बाहेर पसरतात आणि दोष उमगतो. खुर्चीची पकड दोरास जेथे घट्ट आवळलेली असते, तेथे शिणवटा साचतो. यास्तव कायम जखडलेल्या पकडी ठराविक काळाने दोरावर पुढे सरकवितात. पकडींतील बारीक तडे, कप्प्यांचे धारवे आणि गतिरोधक यांचीही परीक्षा होते.

तथापि केवळ उपकरणे पुरेशी नाहीत. इटलीतील मोत्तारोने येथील, १९७० मध्ये सुरू झालेल्या रज्जुमार्गावर २३ मे २०२१ रोजी डब्यास ओढणारा दोर तुटला. अशा वेळी डबा जागीच रोखून धरणारा आपत्कालीन गतिरोधक तेथे होता. पण तो वारंवार विनाकारण लागून खोळंबा होतो म्हणून अडकण घालून निकामी करून ठेवलेला होता. डबा उतारावरून वेगाने मागे घसरून कोसळला आणि १४ माणसे प्राणास मुकली.

यावरून यंत्राचे वय हा खरा शत्रू नव्हे, हे ध्यानी येते. झिजलेला भाग वेळीच बदलला, तर जुना रज्जुमार्गही विश्वासू सेवा देतो. उलट गतिरोधक पुनःपुन्हा लागू लागला, तर ते यंत्राने दिलेले इशारे होत. त्यांचे कारण शोधेपर्यंत रज्जुमार्ग बंद ठेवावा. त्या दिवशी प्रवाशांना पायऱ्या चढाव्या लागतील, एवढेच.