वाचकांचे प्रश्न : मूल अठरा वर्षांचं झाल्यावर

प्रश्न : आमचा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. बोलतो मोजकंच, पण घरात काय चाललंय ते त्याला सगळं समजतं. येत्या दिवाळीत त्याला अठरा पूर्ण होतील. बँकेत चौकशी केली तर म्हणाले, यापुढे पालक म्हणून तुमची सही चालणार नाही, कायदेशीर पालकत्वाचा कागद आणा. नातेवाईक सांगतात, फ्लॅट आणि ठेवी मोठ्या मुलीच्या नावावर करून मोकळे व्हा, ती भावाला अंतर देणार नाही. मुलगी खरंच गुणी आहे, लग्न झालंय, एक लहान मूल आहे. आमचे हे राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. आम्ही काय करावं?
एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, बँकेचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, हे खरं. पण स्वमग्न आहे म्हणजे त्याला पालक नेमलाच पाहिजे, असं कोणताही कायदा म्हणत नाही.

इथे दोन कायदे लागू होतात. पहिला १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. पालक किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करतात आणि समिती पालक नेमते. मात्र नेमण्याआधी समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात : या व्यक्तीला पालकाची खरंच गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कोणत्या कामांसाठी. दुसरा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. मालमत्ता बाळगणं, वारसा घेणं, पैशाचे व्यवहार करणं हा दिव्यांग व्यक्तीचा इतरांइतकाच हक्क आहे, असं तो सांगतो. मदतीची गरज पडली तर मर्यादित पालकत्वाची सोय त्यात आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून तिने आणि पालकाने मिळून निर्णय घेणं, असा त्याचा अर्थ.

म्हणून कागद करण्याआधी मुलाला काय जमतं ते पाहा. त्याला सही येते का? पाचशेची नोट दिली तर उरलेले पैसे मागून घेतो का? एटीएमचा पिन लक्षात ठेवतो का? जमत असेल तर त्याच्या स्वतःच्या नावाने खातं उघडा, रोजची मर्यादा अगदी कमी ठेवा आणि आठवड्याला ठरलेली रक्कम त्याला स्वतः काढू द्या. एकीकडे हे चालू ठेवून, फ्लॅटची विक्री किंवा मोठ्या ठेवी असे जे व्यवहार त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत, तेवढ्यांसाठी पालकत्व मागा आणि अर्जात ती कामं नावानिशी लिहा. समितीने पालक नेमला की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत जमाखर्च सादर करावा लागतो. हा हिशेब जाच वाटून घेऊ नका. पुढेमागे तुमची मुलगी पालक झाली आणि कुणी तिच्याकडे बोट दाखवलं तर याच वह्या तिच्या बाजूने बोलतील.

आता फ्लॅट मुलीच्या नावावर करण्याबद्दल. कृपा करून करू नका. मुलीच्या चांगुलपणाबद्दल मला जराही शंका नाही, पण मालमत्ता तिची झाली की तिच्या आयुष्यात जे घडेल ते त्या मालमत्तेलाही घडेल. तिच्या डोक्यावर कर्ज झालं, घटस्फोटाचा वाद उभा राहिला, तरी ते घर त्यात ओढलं जाऊ शकतं. आणि मृत्युपत्र न करता तिचं काही बरंवाईट झालं तर तिचे वारस नवरा आणि मूल. भाऊ त्या यादीत येतच नाही. ज्याच्यासाठी सगळं केलं तोच बाहेर राहतो.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तुमच्या यजमानांची मालमत्ता तुम्ही, मुलगी आणि मुलगा यांना सारखी मिळेल. आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसा बुडत नाही, हे त्या कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणूनच ‘त्याला काय कळतंय’ म्हणत हक्कसोडपत्रावर त्याची सही घेणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय न समजता केलेली अशी सही कोर्टात टिकतही नाही.

माझा सल्ला असा. तुम्ही दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा आणि त्यांतूनच मुलासाठी एक खासगी न्यास निर्माण करा. लाभार्थी मुलगा. विश्वस्त कमीत कमी दोन, आणि त्यांतला एक घराबाहेरचा. विश्वस्तांचं वय झालं की पुढचा कोण, तेही लिहून ठेवा. मृत्युपत्रातून न्यास केला तर आत्ता मुद्रांक शुल्क लागत नाही आणि हयात आहात तोवर सगळं तुमच्याच हाती राहतं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत ती करून घ्याच. न्यासाच्या उत्पन्नावर कर कसा लागेल हे मसुद्याच्या शब्दांवर ठरतं, तेव्हा मसुदा चार्टर्ड अकाउंटंटच्या नजरेखालून घाला.

या सगळ्यात एका गोष्टीवर मी हटून बसते : मुलाला सांभाळणारी व्यक्ती आणि पैसा हातात असणारी व्यक्ती एकच नको. मुलाच्या मागे उरलेलं ज्याला मिळणार, त्याच्या एकट्याच्या हाती खर्चाचा निर्णय तर मुळीच नको. बहीण कितीही मायेची असली तरी भावाच्या थेरपीवर खर्च केलेला प्रत्येक रुपया स्वतःच्या लेकराच्या वाट्यातून जातोय, अशा कात्रीत तिला का उभं करायचं? तिला बहीणच राहू द्या.

ठेवींवर नामनिर्देशन केलं म्हणजे काम झालं, या समजात राहू नका. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण त्याने मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीतही नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंत तात्पुरती सदस्य असते.

मृत्युपत्रासोबत एक साधं पत्र ठेवा. त्याला कायद्याची ताकद नाही, पण तुमच्या मागे मुलाचा दिवस त्यावरच चालेल. वरण आणि भात वेगवेगळ्या वाट्यांत लागतो, कालवलेला चालत नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी सांगावं लागतं. दाढी इलेक्ट्रिक रेझरनेच, तीही आंघोळीनंतर. दात दुखला तर तो सांगत नाही, उजवा गाल दाबून धरतो. कोणतं औषध किती, कोणतं सोसत नाही. हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. कागदावर उतरवा आणि दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला त्यात दुरुस्त्या करा.

निवृत्तिवेतनाचं काम मात्र आजच हातात घ्या. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याची तरतूद राज्य आणि केंद्र, दोन्हींच्या नियमांत आहे. यजमानांच्या जुन्या कार्यालयामार्फत मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व नोंदवण्यासाठी अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. आईवडील गेल्यावर भावंडांनी हे कागद जमवायचे म्हणजे फार हाल होतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा, पुढचं जवळपास सगळं त्यावर अडतं. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखाची आरोग्य विमा योजनाही घ्या. तिला वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही मिळतो.

प्रश्न : माझी मोठी बहीण (वय ४१) स्वमग्न आहे आणि तिला सतत सोबत लागते. वडील खासगी कारखान्यात होते, त्यांचा पीएफ कापला जायचा. ते गेले, आता आई थकली आहे. बहिणीला काही मिळू शकतं का? मला करात सवलत आहे का?
एक भाऊ, कोल्हापूर

उत्तर : वडील १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत असतील तर कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन मिळते. बहुतेक घरांना पंचवीस वर्षांची मर्यादाच तेवढी सांगितली जाते. पीएफ कार्यालयात लेखी अर्ज द्या, तोंडी उत्तरावर परत फिरू नका. करात, बहीण तुमच्यावर अवलंबून असेल तर ८० डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट तुम्हाला घेता येते : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च किती झाला याला महत्त्व नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, म्हणून प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडून आकडेमोड करा.

प्रश्न : मी ऑटिस्टिक आहे. वय २४. एका कंपनीत डेटा एंट्रीचं काम करतो. पगार माझ्या खात्यात येतो पण कार्ड आणि फोन बाबांकडे असतो. ते म्हणतात कुणीतरी फसवेल. हे कायद्यात बसतं का? सरळ उत्तर द्या.
एक वाचक, पुणे

उत्तर : सरळ उत्तर : बसत नाही. तुम्ही सज्ञान आहात. समितीने किंवा न्यायालयाने पालक नेमलेला नसेल तर पगारावर आणि खात्यावर फक्त तुमचा अधिकार आहे.

बाबांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहे. दोन खाती ठेवा. पगार पहिल्या खात्यात येऊ द्या, त्याचं कार्ड घरात कपाटात ठेवा. दर महिन्याला ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. दुसऱ्या खात्याचं कार्ड तुमच्याजवळ आणि यूपीआय तुमच्या फोनवर ठेवा. फसवणूक झालीच तर तेवढ्याच पैशाची होईल. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोलीस, बँक किंवा कुरिअरवाला म्हणून फोन आला आणि पैसे मागितले तर फोन ठेवायचा, मग बाबांना विचारायचं. हा नियम लिहून फोनच्या मागे चिकटवा.

बँकेशी फोनवर बोलणं जमत नसेल तर ईमेलने लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दिव्यांग म्हणून भेदभाव झाला, तर पुण्यातच राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या.

बाबांशी बोलताना हे उत्तर त्यांना वाचायला द्या. दुसऱ्या खात्यात महिन्याला किती टाकायचं, तो आकडा दोघांनी मिळून ठरवा. सहा महिन्यांनी पासबुक पाहून तो वाढवा.