खुंटीवरचं वायफाय

आमच्या साताऱ्याच्या घरात मागच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो. घरातले सगळे फोटो, आजोबांच्या भजनांच्या कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग्ज आणि सगळ्यांच्या फोनचा बॅकअप त्याच्यावर आहे. राउटर पुढच्या खोलीत आहे आणि मध्ये दीड फूट जाडीची दगडी भिंत, त्यामुळे मागे नेट कधीच धड पोहोचत नव्हतं. या डेस्कटॉपपर्यंत, म्हणजे आमच्या घरच्या सर्व्हरपर्यंत, मात्र राउटरची तार आलेलीच होती. मग त्या सर्व्हरलाच वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट केलं. त्याला तीन वर्षं झाली. त्यात हाती लागलं ते सांगतो.

१. आधी कार्ड तपासा, मग कामाला लागा. प्रत्येक वायफाय कार्ड नेट वाटू शकत नाही; काही फक्त घेऊ शकतात. लिनक्सवर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ ही आज्ञा दिली की कार्डाला जमणाऱ्या कामांची यादी येते. तिच्यात ‘एपी’ नसेल तर पुढचे सगळे कष्ट वाया. कार्डाऐवजी यूएसबी डोंगल घेणार असाल तर ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असेल असं घ्या. वेगळा उतरवून बसवलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की बंद पडू शकतो.

२. सर्व्हरवरून वायफाय वाटणाऱ्या होस्टएपीडी या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये देशाचा कोड ‘आयएन’ लिहा. तो नसला तर ५ गिगाहर्ट्झचे बरेच चॅनेल सुरूच होत नाहीत. त्याच फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून ती फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा.

३. घरात आयपी पत्ते वाटणारा एकच हवा. सुरुवातीला मी सर्व्हरवर वेगळं नेटवर्क उभं केलं. मागच्या खोलीत नेट आलं, पण तिथल्या फोनला पुढच्या खोलीतला प्रिंटर सापडेना. मग ब्रिज केला: तारेचं पोर्ट आणि वायफाय एकत्र जोडलं आणि पत्ते वाटायचं काम राउटरकडेच ठेवलं. आता दोन्ही खोल्या एकाच नेटवर्कवर आहेत. ब्रिज करताना सर्व्हरचा आयपी पत्ता तारेच्या पोर्टवरून काढून ब्रिजवर न्यावा लागतो आणि त्या क्षणी दुरून जोडलेला संपर्क तुटू शकतो. सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड लावूनच हे काम करा.

४. अँटेनाची जागा हा सगळ्यात मोठा धडा. रोज रात्री साडेनऊला आई बडोद्याच्या मावशीशी व्हिडिओवर बोलते. मावशीचा चेहरा अडकायचा, आवाज तुटायचा, आणि तेही नेमकं त्याच वेळी. दिवसा सगळं उत्तम. आठवडाभर मी चॅनेल बदलत बसलो. मग लक्षात आलं, साडेनऊलाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू होतो आणि ती डिस्क डोंगलच्या अगदी शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात आहे. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ साली त्यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. डोंगल एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरीवर घेतलं आणि भिंतीतल्या जुन्या लाकडी खुंटीला अडकवलं. त्या रात्री बॅकअप चालू असतानाच आई पाऊण तास बोलली. डेस्कटॉपच्या पत्र्याच्या कॅबिनेटमागून सुटका झाल्यामुळे परसातल्या तुळशीपर्यंतही रेंज पोहोचली.

५. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनेल वेगळे. आमचा राउटर १ वर आहे, सर्व्हर ११ वर. चालता चालता फोन आपला आपण बदलतो.

६. सर्व्हरवर वायफाय आलं की तो घरच्यांचा होतो. पूर्वी मी मनात येईल तेव्हा अपडेट टाकून रीस्टार्ट करायचो. आता भाचीचा ऑनलाइन वर्ग असेल तर हात लावत नाही. लाइट गेली तरी नेट राहावं म्हणून सर्व्हर आणि राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

सर्व्हर आधीपासून चालूच असेल आणि त्याच्यापर्यंत तार आलेली असेल, तर हे जरूर करा. पण केवळ वायफायसाठी जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवू नका. ४५ वॅट खाणारं यंत्र महिन्याला ३२ युनिट जाळतं. त्यापेक्षा एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट विकत घ्या आणि त्याच्यापर्यंत नीट तार ओढून घ्या.