रंध्याची पाती ठेवण्याचे साधे घर

सुताराच्या पेटीतील सर्वांत नाजूक वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण पाणसळीचे किंवा मोजपट्टीचे नाव घेतील. आमच्या मते ती वस्तू म्हणजे रंध्याच्या पात्याची धार. पाते पोलादाचे आणि हाताला जड असते खरे, परंतु त्याची धार पेटीतल्या पटाशीवर किंवा एखाद्या खिळ्यावर आपटली की तिला खांडा पडतो.

आम्ही पेशाने बँकेतील लिपिक आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही हा विषय घेतला, कारण हत्यार चालवायला शिकविणारे पुष्कळ भेटतात, ते नीट ठेवायला शिकविणारे थोडे. सुतारकाम शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिली पेटी घेताना घरच्यांना पैशाची ओढाताण करावी लागते. ती हत्यारे टिकविणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

खांडा पडला तर काय होते?

खांडा पडलेल्या पात्याने रंधा मारला की गुळगुळीत फळीवर एक उंच रेघ उमटत जाते. खांडा जेवढा खोल, तेवढी संपूर्ण धार मागे घासून न्यावी लागते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खांड्यासाठी पात्याच्या सगळ्या रुंदीतून अर्धा मिलिमीटर पोलाद दगडावर घालवायचे. हे काम घाईने विजेच्या चाकावर केले आणि पाते तापून निळे पडले, तर तेथील पाणी उतरते आणि धार टिकत नाही. पात्याचा वापरता येण्याजोगा भाग मर्यादित असतो. तो लाकूड तासण्यात संपावा, खांडे काढण्यात नव्हे.

दुसरा धोका हाताचा. पेटीत चाचपडताना बोट कापले तर रोजंदारीवरच्या माणसाचे कामाचे दिवस जातात. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

घराची कल्पना

कार्यालयात फायली जशा उभ्या लावतात, तशी पाती त्यांच्या लांब कडेवर उभी ठेवायची. धारेचे टोक मागे, बोथट टोक आपल्याकडे. धार कशालाही टेकू नये, ती मोकळ्या जागेत राहावी, हे या रचनेचे मुख्य तत्त्व होय. बाजारात नेहमी मिळणाऱ्या लोखंडी रंध्याचे पाते साधारण ५० मि.मी. रुंद असते, मोठ्या रंध्याचे ६० मि.मी. पुढील मापे ही दोन्ही पाती आणि १९० मि.मी. पर्यंतची लांबी धरून, सहा पात्यांसाठी दिली आहेत. सुतार मंडळी सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत सुमारे ३ मि.मी.

लागणारे लाकूड

१) तळफळी : २५० मि.मी. लांब, २०० रुंद, २० जाड.
२) खाचांच्या दोन पट्ट्या : प्रत्येकी २०० लांब, २५ रुंद, २५ उंच.
३) पुढची अडपट्टी : २०० लांब, २० रुंद, २५ उंच.
४) दोन बाजू : प्रत्येकी २५० लांब, ११० उंच, १२ जाड.
५) पाठ : २२४ लांब, ११० उंच, १२ जाड.
६) तळाखालची पट्टी : २०० लांब, २५ उंच.

जुन्या फर्निचरचे सागवानी तुकडे असतील तर उत्तमच. सागाचा आणि लोखंडाचा मेळ चांगला बसतो. ओले लाकूड मात्र घेऊ नये, त्यातील ओलाव्याने पाते गंजते.

कृती

प्रथम खाचांच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून शेगड्यात घट्ट धराव्यात. डाव्या टोकापासून २५, ५५, ८५, ११५, १४५ आणि १७५ मि.मी. वर खुणा करून गुण्याने रेघा ओढाव्यात. दोन्ही पट्ट्या एकदमच कापाव्यात, म्हणजे खाचा समोरासमोर येतात. प्रत्येक खाच १५ मि.मी. खोल हवी. लोखंडी रंध्याचे पाते सुमारे २ मि.मी. जाड असते, करवत एकाच जागी दोनदा चालविली की तेवढी खाच होते. लाकडी रंध्याच्या जाड पात्यासाठी दोन काप घेऊन मधला भाग पटाशीने काढावा. असे पाते धारेकडे अधिक जाड असू शकते, म्हणून दोन्ही ठिकाणची जाडी मोजूनच खाच पाडावी. पाते स्वतःच्या वजनाने खाली बसावे, मात्र डुगडुगू नये.

नंतर तळफळीच्या पुढच्या कडेला अडपट्टी बसवावी. खाचांची पहिली पट्टी पुढच्या कडेपासून ४० मि.मी. वर व दुसरी १०५ मि.मी. वर ठेवावी. पाते अडपट्टीला टेकवून पाहावे. घासून १२० मि.मी. उरलेल्या जुन्या पात्याची धारही दुसऱ्या पट्टीच्या १० मि.मी. पलीकडे मोकळी राहते, आणि १९० मि.मी. च्या पात्याची धार पाठीपासून ४० मि.मी. दूर राहते. ही खात्री झाल्यावरच तळाखालून स्क्रू मारून पट्ट्या पक्क्या कराव्यात. स्क्रूचे टोक खाचेत येता कामा नये.

शेवटी दोन बाजू आणि पाठ तळफळीच्या कडांना जोडावी, आणि मागच्या कडेखाली पट्टी ठोकावी. त्यामुळे घर पुढे किंचित झुकते. बाकावर हातोडी चालली तर हादऱ्याने पाते मागे सरकत नाही, अडपट्टीकडेच राहते.

गंज आणि शिस्त

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पोलादाला गंज लवकर धरतो. धार लावल्यावर पाते कोरडे पुसावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवस किंवा करडईचे तेल वापरू नये, ते वाळून चिकट थर धरते. पात्यावरची जोडपत्ती काढून ठेवावी; दोहोंमध्ये ओल अडकते.

डावीकडच्या तीन खाचा धार लावलेल्या पात्यांसाठी व उजवीकडच्या तीन बोथट पात्यांसाठी राखाव्यात. उजवीकडे लाल रंगाचा ठिपका द्यावा. उजव्या खाचा भरल्या की धार लावायला बसायचे, एवढा नियम पुरे. अनेक हातांनी वापरल्या जाणाऱ्या हत्यारांत तर तो हवाच. बोथट पाते मुकाट्याने दुसऱ्यासाठी ठेवून जाणे ही सहकाऱ्यावर लादलेली उधारी होय.

पाते काढताना त्याची वरची लांब कड, आपल्या बाजूच्या अर्ध्या भागात, दोन बोटांत धरून सरळ वर उचलावी. मागच्या बाजूने हात घालू नये. घर भिंतीला लागून आणि लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवावे.

यात लाकडाचे महाग सांधे नाहीत, यंत्र नाही. करवत, पटाशी, गुण्या आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर हे काम होते. सुतारकामाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःसाठी करावयाची ही पहिली वस्तू ठरावी, असे आम्हांस वाटते. खुणा करणे, सरळ कापणे, काटकोन साधणे हे तिन्ही धडे यात आहेत, आणि तयार झालेली वस्तू पुढे अनेक वर्षे त्याच्याच कामी येते. ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी पेटी आहे, त्यांनी तीतील पाती एकदा बाहेर काढून पाहावीत. झिजून आखूड झालेल्या पात्यांसाठीही या घरात जागा ठेवली आहे.